अजीजा आली की लागणारा लाल दिवा

सोलापूर, किंक्रांत

माझ्या घरी कुणी यायचं आणि कुणी यायचं नाही हे पुण्यात बसून ठरवायला तुला कुणी सांगितलं? घर माझं, चहा माझा, अजीजा माझी. तू मध्ये कोण?

हे आधी लिहिलं, कारण आशीर्वाद आधी लिहिला असता तर तू तेवढाच वाचून पत्र बाजूला ठेवलं असतंस. आता घे. चि. सृष्टीला आजीचा आशीर्वाद. झालं.

फोन का केला नाही, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझा आवाज जरा चढला की तुझं सुरू होतं, आजी शांत हो, आजी पाणी पी. कागद असलं काही म्हणत नाही. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं आहे. मान वाकडी करून वाच.

तर झालं ते ऐक. भोगीला मी बाजरीची भाकरी न् भोगीची भाजी केली आणि दरसालसारखी ताटली झाकून समोर अजीजाकडं दिली. संध्याकाळी ताटली परत आली. घासून, पुसून, रिकामी. तुला यात काही वाटणार नाही. तुमच्याकडं डबे येतात, धुऊन जातात. आमच्या गल्लीत शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर गुळाचा खडा ठेवतात, साखरेची चिमूट ठेवतात. अजीजाचा नवरा गेला तेव्हा तिची चूल बंद होती, मीच पिठलं-भाकरी नेऊन देत होते, तेव्हासुद्धा माझी ताटली तिनं दोन खजूर ठेवून पाठवली. आणि आता तिच्या सुनेनं, शाइस्तानं, दारातूनच ताटली माझ्या हातात दिली, वर "शुक्रिया" म्हणाली आणि गेली. थोबाडीत मारलेली बरी.

त्याच्या आधी आठवडाभर अजीजा आलीच नव्हती. मी म्हटलं गुडघा धरला असेल थंडीनं. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला तरी येईल म्हणून दार उघडं टाकून बसले. आली नाही. मग संध्याकाळी तिचा एजाज रिक्षा पुसत होता, त्याला धरलं.

"काय रे, तुझ्या आईला काय झालंय?"

"काय न्हाय की आजी. बरी हाय."

"मग माझ्या दारात काय काटे पेरलेत?"

तो आपला एकच काच पुसत बसला. मग म्हणाला, "आजी, तुमच्या सृष्टीनंच फोन केलता. म्हनली, अम्मी आली की तुमची तबेत बिगडती. मशिनीत दिसतंय म्हनली. जरा येनं कमी करा म्हनली. लई गोड बोलली, आजी. दोनदा सॉरी म्हनली."

गोड बोललीस म्हणे! गोड बोलून माणूस तोडायचं तुमच्या कंपनीत शिकवतात का?

दिवाळीला तू ते पांढरं डबडं आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवलंस. म्हणालीस, हे आवाजावरून माणसाचं मन ओळखतं. मन बरं असलं की हिरवा दिवा, बिघडलं की लाल, आणि त्याची रेघ पुण्यात माझ्या मोबाईलवर उमटते. म्हाताऱ्या माणसांना आनंदात ठेवायचं काम करतो आम्ही, म्हणालीस. मी म्हटलं, करा बाई, आनंद कुणाला नको आहे. मला काय ठाऊक, आनंदाच्या नावाखाली तू माझ्या दारावर शिपाई बसवते आहेस.

तुझी रेघ दुपारी लाल होते ना? मग दुपारी काय होतं ते मला विचारायचं होतंस. चार वाजता अजीजा येते. गल्लीतूनच ओरडते, "क्या गे बजे, जिंदा है क्या मर गई?" मी म्हणते, "तुला पोचवल्याशिवाय कशी मरू, भवाने?" मग फरशीवर खडूनं पट आखायचा, फोडलेले चिंचोके टाकायचे, पडतील तशा सोंगट्या चालवायच्या. समोरचीची सोंगटी आपल्या वाटेत आली तर मारायची. मारली की ओरडायचं. "मेलीस! मारली तुला! जळलं तुझं तोंड, चोरटे!" हे गप्प बसून करायचं नसतं. ती बोटानं चिंचोका उलटा करते, मी तिचं मनगट धरते, ती अल्लाची शपथ घेते, मी सिद्धेश्वराची घेते, दोघी एक नंबरच्या खोटारड्या. मग चहा. माझ्या दिवसात एवढा एक तास आहे. बाकीचा दिवस नुसता असतो.

त्या तासाला डबडं लाल व्हायचं आणि मंजूळ आवाजात म्हणायचं, "आजी, तुम्ही अस्वस्थ वाटता. चला, आपण खोल श्वास घेऊ." अजीजा त्याला म्हणायची, "तू ले सांस, मुडदे, हमारी बाजी चल री है." हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर ते म्हणतं, "रडल्यानं मन हलकं होतं." त्यावर तर अजीजा लोळायची बाकी राहिली. हे तुझ्या रेघेत आलं नाही का गं? का लाल तेवढं आलं?

डबडं मी ज्वारीच्या कोठीत घालून वर झाकण लावलं आहे. बसू दे तिथं ज्वारीला श्वास शिकवत. तू एजाजला फोन कर, आणि केलंस ते निस्तर.

तुझी आजी,
बजाबाई


सोलापूर, रविवार, गड्ड्याची जत्रा अजून उठलेली नाही

पत्र मी तुला लिहिलं होतं. उत्तर डबड्यानं का दिलं?

काल सकाळी ते आपलं आपण पेटलं आणि म्हणालं, "आजी, सृष्टीचा निरोप आहे." मग तुझा आवाज. माझ्या पत्राला हात दुखेपर्यंत लिहायला लागलं, तुला एक ओळ लिहवली नाही.

डबडं कोठीतून बाहेर कसं आलं असं विचारशील. दळणाला ज्वारी काढायला गेले, हाताला लागलं. परत घातलं असतं तर मंगळवेढ्याची चांगली ज्वारी, उगाच किडा झाला असता. म्हणून बाहेर ठेवलं. वायर लावली ती बीपीच्या गोळीसाठी. गोळीची आठवण बरोबर करतं, तेवढ्याला मी नाव ठेवत नाही. घर गप्प पडलंय म्हणून लावलं असं मनात आणू नकोस.

तुझा निरोप मी दोनदा ऐकला. एजाजला पुन्हा फोन केलास, माफी मागितलीस, ठीक. पुढं काय म्हणालीस? "अजीजाआजींनी जरूर यावं, फक्त दोघींनी जरा हळू आवाजात खेळावं." अगं, तुला लाज कशी वाटली नाही? सोंगटी मारून हळूच कानात सांगू का, बाई, तुझी सोंगटी मेली, रागावू नकोस हं?

आणि वर म्हणालीस, मी माझ्या शिव्या डबड्यासमोर एकेक बोलून दाखवायच्या, म्हणजे त्याला कळेल की ह्या रागाच्या नाहीत, ह्या प्रेमाच्या! मी आयुष्यात बसून, ठरवून शिवी दिलेली नाही. समोर माणूस लागतं.

तरी हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण मग तू खुशीत येऊन सांगितलंस की अजीजा यायची बंद झाली त्या आठवड्याची माझी रेघ तुम्ही मीटिंगमध्ये पडद्यावर लावली. आठवडाभर हिरवी. एकदासुद्धा लाल नाही. तुझे साहेब म्हणाले, हेच तर आपल्याला हवं होतं. टाळ्या झाल्या म्हणालीस.

अगं, मी बोलतच नव्हते! कुणाशी बोलू? भिंतीशी भांडू? त्या आठवड्यात मी दूधवाल्याला "एक पिशवी" म्हणाले आणि देवाला "काय रे" म्हणाले, एवढंच माझ्या तोंडातून बाहेर पडलं. त्याला तुम्ही सुख म्हणून टाळ्या वाजवल्या. गप्प बसलेली बाई सुखी, ही खोड काही तुमच्या डबड्याची नाही. तुझा आजोबा पाहुण्यांना सांगायचा, "आमची बजा लई समाधानी, येक शबूद बोलत न्हाय." मी सासूच्या धाकानं बोलत नव्हते. तो मेला, सासू मेली, मला वाचा फुटली. आता तू शिकून सवरून तेच कान माझ्या देव्हाऱ्याजवळ आणून ठेवलेस.

परवा मी एकटीनं पट आखला. डाव्या हातानं अजीजाचे चिंचोके टाकले, उजव्या हातानं माझे. तिची सोंगटी बरोबर माझ्या पुढ्यात आली. मारली. पण ओरडायचं कुणाच्या नावानं? तेवढ्यात डबडं हिरवं होऊन म्हणतं, "आज तुम्ही खूप शांत आहात. छान!" पायानं पट पुसून टाकला मी.

आता दुसरं ऐक, हे वाईट आहे. शुक्रवारी रामहरीच्या दुकानात साखर आणायला गेले होते. दुकानात चारसहा माणसं. पुडी बांधता बांधता तो म्हणतो, "बरं केलंसा काकू. उशिरा का व्हईना, डोळं उगडलं तुमचं."

"कशाचे डोळे?"

"त्या लोकांचं येणं-जाणं बंद केलंसा न्हवं. समद्या गल्लीला ठावं हाय की. तुमच्या नातीनं फोन करून सांगितलं म्हनं, हितं येऊ नगा म्हणून. शिकलेली पोरगी, बराबर वळीखलं तिनं."

दुकानातली माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती सृष्टी. कौतुकानं.

मी म्हटलं, "रामहरी, तुझी आई अडली होती, सुईण येईना, तेव्हा तू अजीजाच्या हातात पडलास. तिनं त्याच हातानं तुझं नरडं दाबलं असतं, तर आज मला हे ऐकावं लागलं नसतं." साखर तिथंच ठेवली. तेव्हापासून गुळाचा चहा पिते आहे.

तू "येणं जरा कमी करा" म्हणालीस. एजाजच्या दारातून बाहेर पडताना त्याचं "येऊ नका" झालं. रामहरीच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचं "ते लोक" झालं. तू काय बोललीस हे आता कुणी विचारत नाही. कुणाला बोललीस आणि कसल्या दिवसांत बोललीस, तेवढं गल्लीनं उचललं. तू रेघ बघत होतीस. गल्ली तुझ्याकडं बघत होती.

मी अजीजाकडं गेलेली नाही. मी का जाऊ? ताटली तिनं रिकामी पाठवली. माझं घर तिच्या घरापासून जेवढं लांब, तेवढंच तिचं माझ्यापासून. तिला कळायला नको, मी असलं सांगायला लावीन का ते?

बजाबाई


सोलापूर, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी

गेले होते मी काल. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, म्हणून गेले. माझं काही अडलं होतं म्हणून नाही.

शाइस्तानं दार उघडलं आणि मला खुर्ची दिली. त्या घरात मी कायम चुलीशेजारी पाय पसरून बसलेली बाई. मला खुर्ची! कपबशीत चहा, वर बिस्किटं. मग अजीजा आतून आली, डोक्यावरून पदर घेऊन, कुणा परक्याच्या पुढं यावं तशी. म्हणाली, "या बजाबाई. बसा. तबेत बरी हाय ना तुमची?"

तिनं मला शिवी दिली असती तर मी दोन देऊन घरी आले असते. ती "तुमची" म्हणाली. आम्ही दोघी नव्या नवऱ्या म्हणून ह्या गल्लीत आलो तेव्हापासून "बजे" सोडून तिनं मला कधी हाक मारली नाही.

मी म्हटलं, "काय गं चेटकिणी, अहो-जाहो करतेस? मेले का मी?"

ती हसली नाही. "आहिस्ते बोला, बजाबाई. पुन्ना तुमच्या मशिनीला दिसंल."

"मशीन घरी आहे."

"काय म्हाईत. लांबनंबी कळत असंल त्याला."

मी तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. तिनं घेतला, वाटीत टाकला. तोंडात टाकला नाही. मग शाइस्ता आत गेलेली बघून म्हणाली, "येक बात पुछूं? रागावू नका. तुमचा ल्योक सयाजी येतो, तुमी दोगं भांडता, हितपर ऐकू येतं. तवा त्यो दिवा लाल व्हतो का?"

मी म्हटलं, "माझं काय लक्ष असतं दिव्याकडं!"

"मी आली की व्हतो. मी सोताच्या डोळ्यानं बगत व्हते रोज. हसत व्हते. एजाजला फोन आला तवा इचार केला, अरे, ये तो रोज होता था. माझं पाऊल पडलं की लाल." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिव्याला कसं कळलं, मी कोन हाय? त्याला कोन सांगितलं?"

  

मी म्हटलं, "अगं, आपण ओरडतो म्हणून होतो तो. आवाजावर आहे."

"तुमाला पक्कं ठावं हाय?"

काय सांगू? मी ते बनवलं नाही, मी ते आणलं नाही. त्याच्या पोटात तुम्ही काय भरलंय, मला कुणी दाखवलं नाही. अजीजाशी पटावर शंभर वेळा खोटी शपथ घेतली आहे मी. ही मला घेता आली नाही.

ती म्हणाली, "जाऊ द्या. बाजारात ऐकतो, गाडीत ऐकतो, आता आदत झालीया आमाला. तुमच्या घरात ती आदत लागायची न्हवती, येवडंच." आणि उठून शाइस्ताला मोठ्यानं म्हणाली, "बजाबाईस्नी दारापत्तोर सोड." समोरच्या दारातून समोरच्या दारात मला सोडायला माणूस!

घरी आले. डबडं म्हणालं, "आजी, आजच्या दिवसात आवडलेल्या तीन गोष्टी सांगा." मी त्याची वायर उपटली आणि त्याला पिशवीत बांधून खुंटीला लावलं. आता गोळ्या मी माझ्या मी लक्षात ठेवीन, नाहीतर विसरीन.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. आजी, यंत्राला जातधर्म कळत नाही. बरं. मग त्याला कळतं तरी काय? म्हाताऱ्या बायकांचं हसणं त्याला शिकवायला तुम्ही कुणाच्या घरी गेला होता? ज्या बायका तोंडाला पदर लावून हसतात, त्यांच्याच घरी ना? आमच्यासारख्या दोन भांडकुदळ तुमच्या कुणाच्याच ध्यानात आल्या नाहीत? तुझ्या तरी यायला हव्या होत्या. लहानपणी तू अजीजाच्या मांडीवर बसून हा खेळ बघितला आहेस. एकदा चिंचोका गिळलास, तर मला शिव्या देत तिनंच तुला उलटी धरून पाठीत धपाटे घातले होते. तेव्हा तू रडत नव्हतीस, खिदळत होतीस. म्हणजे आमचं ओरडणं कसलं असतं हे तुला डबड्याशिवाय कळत होतं. मग लाल रेघ बघून तू तिच्या लेकाला फोन कसा केलास? मला एक फोन का केला नाहीस, की आजी, चारला काय चाललेलं असतं गं?

तुला माझी काळजी होती, हे मी नाही म्हणत नाही. पण तू काळजी रेघेची केलीस. माझी करायला यावं लागलं असतं.

सकाळी तुझ्या बापाचा, सयाजीचा फोन आला. म्हणतो, "आई, तू डोकं नको लावूस, मी एजाजशी बोलून मिटवून टाकतो." मिटवायला हा काय त्याच्या प्लॉटच्या हद्दीचा तंटा आहे? वर म्हणतो, सृष्टीचे साहेब अजीजाकाकूंना कंपनीकडून माफीचं पत्र आणि फुलांचा गुच्छ पाठवणार आहेत. त्या साहेबाला सांग, तो गुच्छ माझ्या गल्लीत आला तर मी शेळीला घालीन. कुणी माफी मागावी असं अजीजानं म्हटलेलंच नाही. तिनं एक गोष्ट विचारली आहे. तिला रागावायचंही नव्हतं, नुसतं कळून घ्यायचं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

ती माझ्याकडं पुन्हा येईल का नाही, ते मला ठाऊक नाही. तू आलीस म्हणजे ती येईल, असा काही सौदा मी करत नाही. न येवो. पण तो प्रश्न मनात घेऊन ती समोरच्या घरात झोपते, उठते, आणि मी इकडं चहा पिते, हे मला सोसायचं नाही.

शनिवारी गाडीत बस. माझ्याकडं येऊ नकोस, हातातल्या सामानासकट सरळ समोरच्या दारात जा. तिथं गोड बोलू नकोस, सॉरी म्हणू नकोस, मोबाईल काढून रेघ दाखवू नकोस. तिनं विचारलंय ते तिच्या तोंडून एकदा नीट ऐक, आणि उत्तर दे. तुलाच माहीत नसलं तर माहीत नाही म्हण, आणि कळून घेऊन परत ये. तुझ्या बापानं मध्ये बोलायचं नाही. साहेबानं पत्र पाठवायचं नाही. खुंटीवरच्या डबड्यानं तर तोंडच उघडायचं नाही. मला काही लिहू नकोस, मला उत्तर नको आहे. उत्तर अजीजाला द्यायचं, आणि ते तू द्यायचंस.